काचेच्या आतला डाग

डुकराला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलेलं डुक्कर विकताना जास्त ओरडतं, असं ओक-दान म्हणायची.

लावणीच्या दिवसांत खाचरातलं पाणी इतकं गार असतं, की पाय आधी दुखतात आणि मग आपले राहत नाहीत.

कौलांच्या कारखान्याची भट्टी विझून कितीतरी वर्षं झाली. हजेरी मात्र रोज होते.

मिठाच्या पोत्याखाली वाडगं ठेवावं. थेंब थेंब कडू पाणी गळतं. त्याशिवाय सोयाबीनचं दूध फाटत नाही.

प्रत्येक घरात एक मऊ पांढरं फडकं देशाच्या दोन्ही नेत्यांच्या तसबिरींच्या खाली, लाकडी पेटीत असतं. त्यानं दुसरं काहीही पुसायचं नाही.

धूर सगळ्यांचा सारखाच. वास ज्याचा त्याचा.

०

लावणीचा हुकूम आला त्याच दिवशी बोक-सिलनं खिडकीला आतून घोंगडी ठोकली. आता महिनाभर, कारखान्याची हजेरी सोडली तर, गावातला प्रत्येक हात शेतात हवा होता. बाजार बंद. घरात काही करून विकणंही बंद. पण तिचं घर टोफूवर चालायचं आणि टोफूला लावणी कळत नाही. पोटालाही कळत नाही.

उजाडायच्या आत ती जात्यावर बसायची. रात्रभर भिजून फुगलेलं सोयाबीन डाव्या हातानं चमचा चमचा जात्याच्या तोंडात घालायचं, उजव्या हातानं खुंटा फिरवायचा. पांढरी धार कडेनं उतरायची. मग ते बुडाला लागू न देता मोठ्या लोखंडी काहिलीत उकळायचं. फेस वर आला की झाऱ्यानं काढायचा, फडक्यातून पिळायचं, कडू पाणी घालून दूध फाडायचं, लाकडी साच्यात ओतून वर धोंडा ठेवायचा. पिळताना तळहाताची साल निघायची. फडक्यात उरलेला चोथा थोडा घरच्या डुकराला, बाकीचा आळीतल्या पाच-सहा घरांतल्या डुकरांना. ती घरं त्याच्या बदल्यात जळण द्यायची. तयार टोफू तिची मैत्रीण ओक-दान न्यायची. बोक-सिलनं करायचा, ओक-दाननं विकायचा, आणि आलेलं निम्मं-निम्मं. लिहिलेलं कुठंच काही नव्हतं. दोघींनी कधी तोंडीही ठरवलेलं नव्हतं.

चूल आणि झोपायची उबदार जमीन एकाच खोलीत. मध्ये भिंत नाही. काहिलीतली वाफ पूर्वी खिडकीतून बाहेर जायची. घोंगडी लावल्यापासून तिला जायला जागा राहिली नाही. ती आढ्याला लागायची, भिंतीवरून खाली यायची, पांघरुणं ओलसर करायची. नवरा, म्योंग-गिल, सकाळी उठून म्हणायचा, "अगं, माझी मिशी भिजलीय."

"मिशीला काम मिळालं म्हणायचं," बोक-सिल म्हणायची. "मालकाला नाही."

०

डाग तिला दिसला तो पुसताना.

रोज सकाळी ती स्टुलावर चढून दोन्ही तसबिरी पुसायची. त्या भिंतीवर दुसरं काही नसतं. कॅलेंडर नाही, खुंटी नाही, शेजारी नुसता खिळासुद्धा नाही. उजव्या तसबिरीच्या काचेवर, कोटाच्या खांद्यापाशी, राखाडी काहीतरी होतं. तिनं फडकं फिरवलं. गेलं नाही. पुन्हा फिरवलं. बोटाला काच लागत होती, स्वच्छ, कोरडी.

डाग काचेच्या आत होता.

तिनं दार थोडं उघडलं. उन्हाची तिरकी पट्टी आली. डाग सोयाबीनच्या दाण्याएवढा, कडेनं केसाळ. बुरशी.

ती स्टुलावरून उतरली नाही. भिंतीला हात लावून टेकावं तर त्या भिंतीला हात लावायची सोय नव्हती. ती तशीच उभी राहिली आणि काहिलीत दूध उतू गेलं.

०

वरच्या आळीत पूर्वी एक शिंपी राहायचा. त्याच्या घरातल्या तसबिरीला उंदीर लागला होता, एवढंच सगळ्यांना ठाऊक. एका सकाळी ट्रक आला. भांडी, शिलाई मशीन आणि म्हातारी आई, सगळं वर चढवलं. ट्रक खाणींच्या डोंगराकडे गेला. त्याचा भाऊ सैन्यात होता, त्यालाही तिथून काढलं म्हणतात. शिंप्याचं नाव आता कुणी काढत नाही. कपडे उसवले की बायका आपापले शिवतात.

बोक-सिलचा मुलगा इल-ह्योक सैन्यात होता.

०

"कळवून टाकू," म्योंग-गिल म्हणाला. तो मक्याच्या कण्या जेवत होता. त्यानं ते चमच्याशीच बोलल्यासारखं म्हटलं.

"काय कळवायचं?"

"ओल आली म्हणून."

"ओल कुठून आली, विचारतील."

"पाऊस."

"पाऊस पडलाय का? नदीत गुडघाभर पाणी नाही. खाचरं बादल्यांनी भरतोय आपण."

त्यानं वाडग्यातल्या कण्या ढवळल्या. नंतर म्हणाला, "टोफू बंद कर."

"बंद केला तर डाग पुसला जाईल?"

"वाढायचा तरी थांबेल."

"आणि खायचं काय? कारखान्यातली तुमची फुकटची हजेरी?"

हे बोलायला नको होतं. म्योंग-गिलनं चमचा खाली ठेवला. तो चिडला नाही. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं वर बघितलं, तसबिरीकडे, आणि लगेच खाली. नुसतं बघितलं तरी तिकडून कुणीतरी बघेल असं त्याला वाटलं असावं.

०

शेतात बायका रांगेनं वाकलेल्या. बांधावर उभ्या गाडीवरचा कर्णा गाणी ओरडत होता. रोपांची जुडी डाव्या हातात, तीन-तीन काड्या चिखलात खोवायच्या, एक पाऊल मागं. पोटरीला जळू लागली तर ओढायची नाही, थुंकून सोडवायची.

"माझा बल्ब आज कारखान्यात गेलाय," ओक-दान म्हणाली. ती बोक-सिलच्या शेजारी होती. बल्ब म्हणजे नवरा.

"दिवसा लावलेला बल्ब," पलीकडची एक बाई म्हणाली. "काय उजेड पडतो गं त्याचा?"

"उजेड नाही, पण काढूनही ठेवता येत नाही. घर रिकामं दिसतं."

रांग हसली. एरवी बोक-सिलनं यात भर घातली असती. आज तिनं रोप खोवलं ते आडवं झालं आणि पाण्यावर तरंगलं.

"इल-ह्योकची आई, लक्ष कुठंय?" ओक-दाननं हळूच विचारलं.

"पाठ दुखतेय."

"पाठ सगळ्यांचीच दुखतेय."

दुपारच्या सुट्टीत वस्तीप्रमुख ग्युम-सुक बांधावरून आली. साठीची बाई, आखूड केस, दंडाला लाल पट्टी. वस्तीतल्या प्रत्येक घरात कोण झोपलं, कोण पाहुणा आला, कुणाच्या चुलीवर काय शिजलं, हे तिनं बघायचं आणि वर सांगायचं. तिचं काम ते. बायका तिला प्रमुखबाई म्हणायच्या. पाठीमागंही प्रमुखबाईच म्हणायच्या, कारण पाठीमागं कोण उभं असेल सांगता येत नाही.

"ऐका गं," ग्युम-सुक म्हणाली. "परवा जिल्ह्याहून माणूस येणार. घरोघरी तसबिरी बघणार. सगळं नीट ठेवा. दुपारी एक जण घरी थांबायला परवानगी आहे."

एकीनं मुळ्याचं लोणचं दातानं तोडलं, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

बोक-सिलच्या तोंडात घास होता. तो तिनं चावला, चावला, चावतच राहिली.

०

संध्याकाळी ओक-दान परात भरून घ्यायला आली. वर रानभाजी पसरायची, खाली टोफूच्या वड्या. गावामागच्या गल्लीत बायका परात मांडून उकिडव्या बसायच्या. पहाऱ्याची माणसं आली की टोळ उडावेत तशा उठून पळायच्या आणि दुसऱ्या गल्लीत जाऊन पुन्हा बसायच्या.

"आज नाही केला," बोक-सिल दारातच म्हणाली.

"का?"

"दाणे संपले."

ओक-दाननं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. कोपऱ्यात सोयाबीनची गोणी उभी होती, तोंड बांधलेली, पोट भरलेली.

"बरं," ओक-दान म्हणाली.

"उद्याही नाही."

"बरं."

ती गेली नाही. डोक्यावरची रिकामी परात तिनं काढून कडेवर घेतली. तिच्या हनुवटीवर ओरखडा होता आणि बाहीला चिखलाच्या बुटाचा ठसा. परवा पहाऱ्यावाल्यांनी परात लाथाडली तेव्हाचा. वड्या तुडवल्या गेल्या होत्या. वरवर ठीक होत्या त्या तिनं नदीवर धुऊन आणल्या आणि घरी खाल्ल्या. निम्मे पैसे मात्र बोक-सिलच्या हातावर ठेवले होते, न विकलेल्या वड्यांचेही. बोक-सिलनं ते घेतले होते.

"माझं काही चुकलं का?" ओक-दाननं विचारलं.

"नाही गं."

"दुसरी कुणी बघितलीस का विकायला?"

"नाही म्हटलं ना."

"मग घाबरलीस. कशाला, ते सांग."

सांगितलं असतं तर ओक-दानलाही कळलं असतं आणि ज्याला कळतं त्यानं कळवायचं असतं. न कळवणारा ट्रकमध्ये शेजारी बसतो. बोक-सिलनं दार ओढून घेतलं. मैत्रिणीच्या तोंडावर. आत उभी राहून ती ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं रबरी बूट चिखलातून वाजत गेले.

०

डाग कॉलरपर्यंत आला होता.

निखाऱ्यांची पाटी भिंतीजवळ धरली. हात भाजले, भिंत कोमट झाली, डाग तसाच. म्योंग-गिलनं कारखान्यातली पक्कड आणली होती, कौलांच्या साच्याच्या तारा वळवायची. दाराला कडी लावली. त्यानं दोन्ही हातांनी तसबीर उतरवली आणि घडी घातलेल्या पांघरुणावर पालथी ठेवली. तसबीर पालथी घातली आहे हे ध्यानात आलं तसा तो मागं सरकला.

"बघू नका," बोक-सिल म्हणाली. "काढा."

मागं बारीक खिळे होते. पहिला निघाला. दुसरा गंजलेला, त्याची टिकली पकडीत तुटली. म्योंग-गिलनं मनगटं गुडघ्यांमध्ये दाबून धरली. जरा वेळानं पुन्हा लागला. मागचा पुठ्ठा बोटभर उचलला. बोक-सिलनं दिवा जवळ आणला.

जिथं ओल होती तिथं कागद काचेला चिकटला होता.

"ओढू?"

"थांबा."

"हळूच ओढतो."

"साल निघेल त्याची." तिनं त्याचं मनगट धरलं. "डाग परवडला. फाटलेलं नाही परवडणार."

दोघं वाकून बसली होती. कागद आणि काच यांच्यात नखसुद्धा जाईना. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. म्योंग-गिलनं पुठ्ठा दाबला, खिळा बोटानंच आत सारला, बोटातून रक्त आलं. तो हात त्यानं पटकन लांब धरला, थेंब पडू नये म्हणून, आणि तोंडात घातला.

तसबीर पुन्हा भिंतीवर गेली. तुटलेल्या खिळ्याची टिकली जमिनीवर सापडेना. बोक-सिल हातापायांवर रांगत चटई चाचपत राहिली.

"राहू दे," तो म्हणाला.

"पायाखाली येईल त्या माणसाच्या."

ती टिकली शेवटी तिच्याच गुडघ्यात रुतलेली निघाली.

०

जिल्ह्याचा माणूस तरुण होता. बूट काढताना त्याचा मोजा फाटलेला दिसला आणि त्यानं अंगठा आत ओढला. एका हातात पांढरा हातमोजा. मागोमाग ग्युम-सुक.

बोक-सिल भिंतीला पाठ लावून उभी होती, दुसऱ्या भिंतीला. दारातून दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. दार लावलं असतं तर का लावलं विचारलं असतं. तिच्या पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत उतरली, तिथं थांबली आणि दुसरी निघाली.

"घरात कोण कोण?" माणसानं विचारलं.

"मी आणि मालक. मुलगा सैन्यात."

"चांगलं." त्यानं हातमोजा घातलेलं बोट डाव्या तसबिरीच्या चौकटीच्या खालच्या कडेवरून फिरवलं. बघितलं. बोट पांढरंच. "वरची कड बघायला हवी. स्टूल आहे?"

बोक-सिलनं स्टूल पुढं केलं. ते ठेवताना एक पाय जमिनीवर खटखट वाजला.

"तुम्ही कशाला चढता," ग्युम-सुक म्हणाली. "सकाळपासून उभे आहात. मी दाखवते." आणि ती चढलीसुद्धा. साठीची बाई, गुडघ्याला हात लावून, हुं करत. पेटीतलं फडकं तिनं आधीच उचललं होतं. डावी तसबीर वरून पुसली, फडकं खाली दाखवलं. स्वच्छ.

मग उजवीकडे वळली.

बोक-सिलनं बघितलं, की ग्युम-सुकची नजर कॉलरवर गेली आणि तिथं थांबली. एखाद्या घरी चपला काढताना पाय थांबतो, तेवढाच वेळ. मग म्हातारीनं काचेवर हा करून तोंडाची वाफ सोडली. काच धुरकटली. त्या धुरकटावर तिनं फडकं ठेवलं, तळहात पसरून, कॉलरवरच, आणि दुसऱ्या हातानं चौकट धरून वरची कड पुसू लागली. कड पुसत होती. तळहात हलत नव्हता.

"ही बाई टापटीप आहे," ती वरूनच म्हणाली. "आमच्या वस्तीत हिचंच घर सगळ्यात चांगलं. आता पुढचं घर बघा, तिथं मला तुमच्यासमोर लाज आणणार आहेत. त्या घरात कोंबड्या माणसांच्या वर झोपतात."

माणूस हसला. हसताना त्यानं दाराकडे बघितलं. "किती घरं राहिली?"

"बरीच आहेत. जेवण मात्र माझ्याकडे. उशीर झाला तर मासा वातड होईल."

"मासा?"

"नदीचा. छोटा आहे, पण आहे."

तो बूट घालायला दाराशी गेला. ग्युम-सुक उतरली. तिची बाही बोक-सिलच्या तोंडावरून गेली आणि बोक-सिलला वास आला. आंबलेल्या मक्याचा. घरातल्या घरात दारू गाळताना कपड्यांना लागतो तो, कितीही धुतलं तरी न जाणारा.

दोघींची नजर भिडली.

एका घरात डाग सापडला असता तर त्या माणसानं वस्तीतली प्रत्येक चौकट उघडून बघितली असती, ग्युम-सुकच्या घरातलीसुद्धा.

०

ग्युम-सुक संध्याकाळी परत आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"खिडकीला घोंगडी लावायची अक्कल कुणाची?"

"माझी."

"काढ."

"वास जाईल बाहेर, प्रमुखबाई."

"जाऊ दे. नाकांचं मी बघते. भिंतीचं मला बघता येत नाही." तिनं कंबर दाबली. "पाऊस आला की छप्पर गळालं म्हणून मला येऊन सांगायचं. रडत यायचं. मी वर सांगीन, नवी मिळेल. तोवर त्या स्टुलावर तुझ्याशिवाय कुणी चढता कामा नये."

"हो."

"चोथ्याचा एक डबा माझ्या डुकराला."

"हो."

"दोन."

"हो, प्रमुखबाई."

"आणि ती ओक-दान. काल माझ्याकडे आली होती." ग्युम-सुक थांबली. "टोफूची दुसरी बाई शोधून द्या म्हणत होती. मी हाकललं तिला. जा, समजूत घाल. ती दुसरीकडे गेली तर तुझं तुला विकता येणार नाही. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

ती गेली. बोक-सिलनं खिळे उपटून घोंगडी खाली ओढली. घोंगडी ओली होती, जड, कुजकट वासाची. ती तिनं हातात धरून ठेवली. आता ग्युम-सुकला तिचं सगळं ठाऊक होतं आणि तिला ग्युम-सुकचं. दुपारपर्यंत तिला जिल्ह्याच्या एका माणसाची भीती होती. आता रोज सकाळी चोथ्याचे दोन डबे घेऊन ग्युम-सुकच्या दारात जायचं होतं आणि तिचा चेहरा कसा आहे ते बघायचं होतं. पाऊस यायचा होता.

ती ओक-दानकडे गेली. ओक-दान अंगणात परात घासत होती. तिनं वर बघितलं नाही.

"उद्या करणार आहे," बोक-सिल म्हणाली.

"दाणे आले वाटतं."

"आले."

"कुठून?"

ओक-दाननं परात उपडी घातली, पाणी निथळू दिलं. हनुवटीवरचा ओरखडा आता काळा पडला होता.

"माझ्या तोंडावर दार लावलंस," ती म्हणाली.

"हो."

"पुन्हा लावलंस तर मी परात घेऊन दुसरीकडे जाईन. खरंच जाईन."

"बरं."

"किती वड्या?"

"नेहमीच्याच."

म्योंग-गिल अंधार पडायच्या सुमारास कारखान्यातून आला. हात धुतले. बोटाला चिंधी होती. त्यानं खिडकीकडे बघितलं, उघड्या.

"झालं?"

"झालं."

"कुणाला काही विचारलं?"

"मला? घरात कोण कोण, एवढंच."

त्यानं मान हलवली, कण्यांचं वाडगं पुढं ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागला. ती जात्याशी बसून उद्याचं सोयाबीन निवडत होती. मधूनच तिचा हात थांबायचा, कान दाराकडे लागायचे. आळीतून एखादी गाडी गेली की दोघंही चावायचं थांबायची, ती जेवत नव्हती तरीसुद्धा.

०

जिल्ह्याचा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी, हजेरीच्या रांगेत, म्योंग-गिलनं सगळ्यांसमोर मुकादमाला सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरी तसबिरी मीच पुसतो, बायकोला हात लावू देत नाही.